कंपन्यांकडे प्रायोजकत्व मागायला जाताना रीत काय असते? (मुलींची खो-खो स्पर्धा)

वाळव्याचा_खांब:

राम राम मंडळी,

आमचं गाव वाळवा तालुक्यात. गावात क्रीडा मंडळ आहे. धर्मादाय कार्यालयात नोंदणी झालेली आहे, पॅन आहे, मंडळाच्या नावानं बँकेत खातं आहे. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात चौदा वर्षांखालच्या मुलींची निमंत्रित खो-खो स्पर्धा भरवायची ठरलीय. सोळा संघ, दोन दिवस, उपांत्य आणि अंतिम सामने संध्याकाळी लाइटच्या उजेडात.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि महिला, पुरुष दोन्ही गटांत भारत जिंकला. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. तेव्हापासून आमच्या मैदानावर संध्याकाळी पोरींची संख्या वाढतच चाललीय. आईवडील स्वतः सोडायला येतात, हे आमच्याकडे पूर्वी नव्हतं. म्हणून ही स्पर्धा नीट व्हावी असं मनापासून वाटतं.

खर्चाचा अंदाज असा: जेवण-नाश्ता ८८,०००, मॅटचं भाडं आणि वाहतूक ४०,०००, पंचांचं मानधन आणि प्रवास ३०,०००, मांडव, लाइट, जनरेटर ६०,०००, बक्षिसं ५०,०००, चषक १५,०००. म्हणजे २,८३,०००. प्रवेश फी हजार रुपये ठेवली तर १६,००० येतील. गावातून ९०,००० पर्यंत जमतील. उरलेले पावणेदोन लाखांच्या आसपास कंपन्यांकडून मिळावेत अशी अपेक्षा आहे.

आम्ही सुरुवात केली, पण अनुभव बरा नाही. एका कंपनीच्या गेटवर वॉचमननं पत्र ठेवून घेतलं, पुढे काही कळलं नाही. दुसरीकडे एक साहेब भेटले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "गणपतीला तुम्ही, शिवजयंतीला तुम्ही, आता हे काय नवीन?" आमच्याबरोबर खेळाडू मुली होत्या. त्यांच्यासमोर ऐकून घ्यावं लागलं, ते लागलं मनाला.

तर विचारायचं आहे ते असं. कंपनीत नेमकं कुणाला भेटायचं? रक्कम आपण सांगायची की त्यांच्यावर सोडायची? आमदारांच्या कार्यालयातून फोन करून घ्यावा असं मंडळातल्या काहींचं म्हणणं आहे, तो घ्यावा का? आणि एका सुपारी-इलायचीवाल्या ब्रँडचा वितरक एकरकमी ५०,००० द्यायला तयार आहे, मैदानाभोवती त्याचे फलक लावायचे. घ्यावेत का?

करसल्ला_मिरज:

रीतीचं इतर लोक सांगतील. मी पैशाच्या बाजूचं सांगतो, कारण तिथेच मंडळं अडकतात.

देणगी, जाहिरात आणि सीएसआर (मोठ्या कंपन्यांनी कायद्यानं समाजकार्यावर करायचा खर्च) या तीन वेगळ्या वाटा आहेत. पत्रात तिन्ही शब्द एकत्र घालू नका. वाचणाऱ्या अकाउंटंटला कळत नाही की हा खर्च कुठे टाकायचा, आणि मग पत्र बाजूला पडतं.

तुम्ही फलक लावणार, स्मरणिकेत पान देणार, तर ती जाहिरात झाली, देणगी नाही. एका वेळची रक्कम ३०,००० च्या वर गेली की कंपनी टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर) कापते, मंडळासाठी दोन टक्के. ५०,००० ठरले असतील तर खात्यात ४९,००० येतील. ते पाहून कंपनीला फोन करून भांडू नका, हजार रुपये मंडळाच्या पॅनवर जमा असतात. पॅन दिला नाही तर मात्र वीस टक्के जातात.

जीएसटीचं: तुमचं मंडळ ट्रस्ट आहे, कंपनी नाही. अशा वेळी प्रायोजक कंपनी किंवा भागीदारी फर्म असेल तर १८ टक्के कर तिनंच भरायचा असतो. म्हणजे तुम्हाला ५०,००० देताना तिच्या वहीत वर ९,००० चा कर दिसतो. बऱ्याच जणांना त्याची वजावट मिळते, पण तुम्हाला हे माहीत आहे असं समोरच्याला दिसलं तर तो मोकळेपणानं बोलतो.

सीएसआरचा आग्रह या स्पर्धेसाठी धरू नका. नफा ५ कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नेटवर्थ ५०० कोटी, यातलं एक तरी असेल तरच कंपनीला तो कायदा लागतो. शिवाय मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिराती असे एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआरमध्ये बसत नाहीत, हे केंद्र सरकारनं २०१४ च्याच परिपत्रकात सांगितलंय. स्वतःच्या मालाच्या जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्वही बसत नाही. ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण मात्र बसतं. म्हणून मुलींच्या वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी पुढे प्रस्ताव करा. त्याला आयकर खात्याकडच्या १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या नोंदण्या, सीएसआरची कामं घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी आणि निदान तीन वर्षांचं काम लागतं.

"८०जी पावती देऊ" हे कंपनीला आमिष म्हणून सांगण्यातही आता फारसा अर्थ नाही. २२ टक्क्यांच्या करपद्धतीत गेलेल्या कंपन्यांना ती वजावट मिळतच नाही. आणि रोख घेऊ नका, चेक किंवा ऑनलाइनच.

शिरोली_निवृत्त:

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या प्रशासन विभागात माझी सगळी नोकरी गेली. गणपती, नवरात्र, शिवजयंती, कुस्त्यांचं मैदान, शाळेचं गॅदरिंग, रक्तदान, नेत्रतपासणी, सगळ्यांची पत्रं माझ्या टेबलावरून जायची. त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगते.

ज्या माणसासमोर तुम्ही बसता, पैसे त्याचे नसतात. तो तुमचं पत्र घेऊन वर जातो आणि तिथे त्याला तीन प्रश्न येतात. हे कोण? आपणच का? आणि यांना दिलं तर उद्या दुसरे आले की काय सांगायचं? पहिल्या दोघांचं उत्तर जो तो पत्रात लिहितो. तिसऱ्याचं कुणी लिहीत नाही, आणि नकार बहुतेक वेळा तिसऱ्यापाशी येतो. एका मंडळाला दहा हजार दिले की दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीतलं मंडळ गेटवर उभं असतं. तुम्हाला भेटलेले साहेब जे बोलले ते मुलींसमोर बोलायला नको होतं, त्यांचं चुकलंच. पण ते ज्या भीतीनं बोलले ती भीती मी ओळखते.

म्हणून पत्र असं लिहा की तुमच्यात आणि इतरांत फरक काय आहे हे त्या अधिकाऱ्याला एका वाक्यात वर सांगता यावं. आमच्याकडे एकदा एका शाळेच्या पीटीच्या बाई आल्या होत्या. बरोबर दोन मुली, हातात एकच कागद. कागदावर संघातल्या बारा मुलींची नावं, प्रत्येकीच्या पुढे गाव, आणि पाच नावांपुढे "वडील मोल्डिंग शॉप", "वडील फेटलिंग", "आई कॅन्टीन" असं लिहिलेलं. बाई म्हणाल्या, "पैसे नकोत. आमच्याकडे स्पर्धा आहे, दोन दिवस दुपारचं जेवण तुमच्या कॅन्टीनमधून मिळेल का?" कॅन्टीनचा ठेका ताटाच्या दरानं दिलेला असतो, तेवढी ताटं वाढवून सांगणं आमच्या खात्याच्या अधिकारात होतं. वर मंजुरीला जावंच लागलं नाही, नुसतं कळवलं. फेटलिंगवाल्याची मुलगी त्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाली, "हे माझे पप्पा." ते वाक्य माझ्या साहेबांनी नंतर कितीतरी जणांना सांगितलं.

यात दोन गोष्टी आहेत. एक, कंपनीकडे जे आधीच आहे ते मागा. जेवण, बस, पाण्याचा टँकर, प्रथमोपचाराची पेटी आणि कंपाउंडर, पाहुण्यांच्या मुक्कामासाठी गेस्ट हाउस. पैशाचा चेक काढायला ज्या सह्या लागतात त्या याला लागत नाहीत. तुमच्या ८८,००० च्या जेवणाचे चार भाग करून चार कंपन्यांकडे एकेक वेळचं जेवण मागितलं तर पावणेदोन लाखांतला मोठा भाग चेकशिवायच सुटेल. दोन, कंपनी काय बनवते ते पाहून बोला. "आपल्या ब्रँडला प्रसिद्धी मिळेल" हे वाक्य आम्हाला प्रत्येक पत्रात यायचं. फौंड्रीचं कास्टिंग ट्रॅक्टर आणि इंजिनाच्या कारखान्यांना जातं, मैदानावरचे प्रेक्षक त्याचे गिऱ्हाईक नव्हेत. फौंड्रीला माणसं हवी असतात. आयटीआय झालेल्या मुलांनी नाव ऐकलेलं हवं असतं, आसपासच्या गावांशी संबंध चांगले हवे असतात. तिला तेच सांगा. फलकाची प्रसिद्धी सराफाला, पतसंस्थेला, दूध संघाला, ट्रॅक्टरच्या शोरूमला, क्लासेसवाल्यांना उपयोगाची. त्यांच्याकडे जाताना फलकाची जागा, आकार आणि किती प्रेक्षक येतील हे सांगा, आणि प्रेक्षकांचा आकडा फुगवून सांगू नका. त्यांचा माणूस त्या दिवशी येऊन बघतो.

कुणाला भेटायचं? कारखान्यात एचआर किंवा प्रशासन. पुण्या-मुंबईत मुख्य कार्यालय असलेल्या कंपनीच्या इथल्या प्लँटला थोडाच खर्च स्वतःच्या अधिकारात करता येतो, त्यामुळे त्यांच्याकडे लाख मागून त्यांना अडचणीत टाकू नका. आधी फोन करून वेळ घ्या. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका, तेव्हा डिस्पॅचची धावपळ असते. एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असं नाही, तेही फोनवर विचारून घ्या. दोघं किंवा तिघं जा. दहा-पंधरा जण गेटवर उभे राहिले की ते मागणं वाटत नाही, दबाव वाटतो. वॉचमनकडे पत्र द्यायची वेळ आलीच तर आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पोच असली की आठ-दहा दिवसांनी फोन करताना "अमुक क्रमांकाचं पत्र" असं विचारता येतं, आणि समोरच्यालाही शोधता येतं. त्यांच्या मोबाइलवर रात्री मेसेज नको, रोज गुड मॉर्निंग तर नकोच.

रक्कम तुम्हीच सांगा. "यथाशक्ती" लिहिलं की अधिकारी कोंडीत सापडतो. कमी लिहावं तर तुमचा अपमान, जास्त लिहावं तर वरून प्रश्न. "अंतिम सामन्याचे चषक, १५,०००" असं नेमकं काम आणि नेमका आकडा असला की हो किंवा नाही, दोन्ही म्हणणं सोपं होतं. त्यानं नाही म्हणणं सोपं व्हावं हेही आपण पाहिलं पाहिजे, तरच तो पुढच्या वेळी आपल्याला आनंदानं आत बोलावतो.

आमदारांच्या फोनचं. फोन आला की पैसे मिळतात, हे खरं आहे. पण फाईलवर ते "अमुक यांच्या सांगण्यावरून" असे जातात, तुमच्या स्पर्धेसाठी जात नाहीत. पुढच्या वर्षी तो फोन नसेल तर तुमची ओळख शून्य. आणि बहुतेक कंपन्यांना आपला लोगो कुठल्याही नेत्याच्या फोटोशेजारी चालत नाही, निवडणुकीच्या दिवसांत तर अजिबात नाही. नेत्यांच्या शुभेच्छांचा फलक लावायचाच असेल तर तो वेगळा लावा, प्रायोजकांचा वेगळा, आणि हे आधीच सांगून टाका.

व्यासपीठाबद्दल जरा जास्तच लिहिते, कारण तिथे मनं दुखावतात. आमचे वर्क्स मॅनेजर एका कार्यक्रमाला गेले होते. वेळ पाचची दिलेली. मोठे पाहुणे यायचे होते म्हणून कार्यक्रम थांबवून ठेवलेला. मॅनेजर साहेब पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होते. इकडे दुसऱ्या शिफ्टला फर्नेसचा काहीतरी घोळ झालेला, त्यांचा फोन सारखा वाजत होता, ते दर वेळी उठून मांडवाबाहेर जात होते. साडेसातला सत्कार सुरू झाले. निवेदकानं कंपनीचं नाव चुकीचं घेतलं, शेजारच्या कंपनीचं. साहेबांनी शाल-नारळ घेतला, नमस्कार केला आणि निघाले. काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी त्या मंडळाचं पत्र आलं तेव्हा मी ते वर पाठवलं, आणि त्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं "नको" लिहिलं. त्यामुळे प्रायोजकाचा माणूस उद्घाटनाला बोलवा, पाच म्हणजे पाचला त्याच्या हस्ते नाणेफेक करा, मुलींशी ओळख करून द्या आणि त्याला मोकळं करा. नाव, हुद्दा, कंपनीचं नाव कागदावर लिहून निवेदकाच्या हातात द्या. भाषण कराच असा आग्रह नको.

"मुख्य प्रायोजक" हा मान एकालाच. दोन पतसंस्थांना तो दिला तर दोघी दुखावतील. एकाच धंद्यातल्या दोघांकडे जायचं असेल तर दुसऱ्याला आधी सांगा की पहिले आहेत.

आणि पुढच्या वर्षी मोठी रक्कम हवी असेल तर आत्तापासून लक्षात ठेवा. कंपन्यांचं बजेट फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरतं. तेव्हा पत्र गेलं तर पुढच्या जानेवारीच्या स्पर्धेसाठी तरतूद होऊ शकते. आता दिवाळीनंतर जे मिळेल ते अधिकाऱ्याच्या हातातल्या किरकोळ खर्चातून मिळेल, त्या बेतानंच मागा.

पेठेतलं_दुकान:

ताईंनी कंपन्यांचं सांगितलं, मी दुकानदारांचं थोडक्यात सांगतो. माझं हार्डवेअरचं दुकान आहे. मंडळाची पोरं गिऱ्हाइकांच्या गर्दीत संध्याकाळी सात वाजता पावतीपुस्तक काउंटरवर ठेवतात आणि आकडा आधीच लिहिलेला असतो. असं करू नका. सकाळी दुकान उघडून पूजा झाली की या, पाच मिनिटं नक्की देतो. पावती मंडळाच्या नावाची, क्रमांकाची हवी. स्मरणिकेत जाहिरात घेणार असाल तर छापायच्या आधी मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर दाखवा. माझ्या दुकानाचं नाव आणि फोन नंबर दोन्ही चुकीचं छापून आलेलं मी बघितलंय, आणि त्याची प्रत मात्र मला कधी कुणी आणून दिली नाही. मला वाटतं स्मरणिकेची प्रत दुकानात आणून देणं एवढं जरी केलं तरी निम्मी दुकानं दर वर्षी देतील. खो-खोसाठी तर मी आनंदानं देईन. आमच्या वेळी मुलींना संध्याकाळी मैदानावर कुणी पाठवत नव्हतं.

पीटीच्या_बाई:

सुपारी-इलायचीच्या पन्नास हजारांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. घेऊ नका.

तंबाखूच्या उत्पादनांची जाहिरात आणि त्यांचं प्रायोजकत्व २००३ च्या केंद्रीय कायद्यानं बंद आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. त्याच नावानं, त्याच रंगाच्या पाकिटात इलायची किंवा सुपारी विकली जाते ती नाव डोळ्यांसमोर राहावं म्हणूनच. तुमचा वितरक ज्या ब्रँडचा आहे तो यातला असेल तर त्याचा फलक म्हणजे त्याच मालाची जाहिरात. आणि मैदान कुणाचं, तर चौदा वर्षांखालच्या मुलींचं. मी ज्या शाळेत आहे तिथे आठवीतल्या मुलांच्या दप्तरात पुड्या सापडतात. त्यांच्याच बहिणी तुमच्याकडे खेळायला येणार. बक्षिसाची रक्कम पन्नास हजारांची पंचवीस हजार करा, पालक एक शब्द बोलणार नाहीत. खेळाडू मुलीला चांगले बूट आणि चषक मिळाला की ती खूश असते, रोख रक्कम बहुतेक वेळा संघाच्या प्रवासातच जाते.

वितरकाला मात्र नीट भेटून सांगा. तो गावातलाच माणूस असणार, त्यानं मनापासून देऊ केलेलं असू शकतं. "मुलींची स्पर्धा आहे, म्हणून ब्रँडचं नाव घेता येत नाही. तुम्ही व्यक्तिशः, ब्रँडचं नाव न लावता काही दिलंत तर आनंदच आहे," असं म्हणा.

वाळव्याचा_खांब:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मंडळाची बैठक घेतली. सुपारीचा फलक नको असं ठरलं, आमदारांचा फोनही नको. बक्षिसं २५,००० वर आणली. ताई, तुमच्या सांगण्याप्रमाणे पत्र लिहिलंय, जरा बघाल का?

"प्रति, मा. व्यवस्थापक साहेब. विषय: खो-खो स्पर्धेस सहकार्य मिळणेबाबत. महोदय, आपण समाजाचं ऋण मानणारे, दानशूर, क्रीडाप्रेमी व्यक्तिमत्त्व आहात. आपल्या उदार आश्रयानं अनेक उपक्रम बहरले आहेत. आमचं मंडळ गेली अनेक वर्षं सामाजिक, सांस्कृतिक, शैक्षणिक, क्रीडा क्षेत्रात कार्यरत आहे. यंदा भव्य दिव्य खो-खो स्पर्धेचं आयोजन केलेलं आहे. तरी आपण या स्पर्धेस एक वेळचं जेवण देऊन उपकृत करावं, ही नम्र विनंती. आपला लोगो फलकावर घेण्यात येईल."

शिरोली_निवृत्त:

भावना चांगली आहे, पण पहिली दोन वाक्यं मी टेबलावर कधी वाचलीच नाहीत. डोळा थेट "तरी" या शब्दावर जायचा. आणि एचआरच्या साहेबाला दानशूर म्हटलं तर तो संकोचतो, कारण जेवण कंपनीचं आहे. "भव्य दिव्य" काढा, तारीख, मैदान आणि आकडे घाला. जेवण किती जणांचं, कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे पोचवायचं हे नसेल तर कॅन्टीनवाला काय समजणार? मी असं लिहिलं असतं:

"विषय: मुलींच्या खो-खो स्पर्धेसाठी एका दुपारच्या जेवणाची विनंती (२६० जण).

महोदय, आमच्या मंडळातर्फे जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी आणि रविवारी चौदा वर्षांखालील मुलींची निमंत्रित खो-खो स्पर्धा होत आहे. १६ संघ, खेळाडू आणि प्रशिक्षक मिळून २२४, शिवाय पंच आणि स्वयंसेवक. आमच्या मैदानावर सराव करणाऱ्या मुलींपैकी काहींचे पालक आपल्या कारखान्यात काम करतात, त्यांची यादी सोबत जोडली आहे.

शनिवारी दुपारी साडेबारा वाजता २६० जणांचं शाकाहारी जेवण आपल्या कॅन्टीनमधून मिळावं, अशी विनंती आहे. ने-आण करायला गाडी आणि वाढायला माणसं आमची असतील. शनिवारच्या पहिल्या सामन्याची नाणेफेक आपल्या प्रतिनिधींच्या हस्ते सकाळी आठ वाजता करण्याचा आमचा मानस आहे. कार्यक्रम अर्ध्या तासाचा आहे. प्रायोजकांच्या फलकावर कोणत्याही राजकीय व्यक्तीचा फोटो नसेल.

होकार किंवा नकार डिसेंबरच्या २० तारखेपर्यंत कळवल्यास आम्हाला दुसरी व्यवस्था करता येईल. मंडळाचं नोंदणी प्रमाणपत्र आणि खर्चाचा अंदाज सोबत आहे."

खाली अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या सह्या, एकच मोबाइल नंबर, तोही फोन उचलणाऱ्या माणसाचा. पालकांची नावं यादीत घालण्याआधी त्यांना विचारून घ्या. काहींना आपलं नाव साहेबांसमोर गेलेलं आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे. ज्यानं हो म्हटलं त्याचंच घाला, दोनच नावं झाली तरी चालतील.

वाळव्याचा_खांब:

ताई, हे पत्र असंच वापरतो. दोनच गोष्टी विचारायच्या राहिल्या. ज्या कंपनीनं मुलींसमोर तसं बोलून परत पाठवलं, तिथे पुन्हा जावं का? आणि स्पर्धा झाल्यावर नेमकं काय द्यायचं असतं?

शिरोली_निवृत्त:

तिथे यंदा मागायला जाऊ नका, निमंत्रण द्यायला जा. पत्रिका घेऊन दोघं जा, "अंतिम सामना बघायला या," एवढंच म्हणा, बसू नका. साहेब येतील न येतील. आले तर मुलींना भेटवा, जुनं काही काढू नका. नाही आले तरी फेब्रुवारीत बजेटचं पत्र द्यायला दार उघडं राहतं. आणि मागायला जाताना मुलींना बरोबर नेणं थांबवा. कॅन्टीनचं जेवण मागणाऱ्या त्या शाळेच्या बाईंनी दोघी मुलींना आमच्याकडे आणलं होतं ते आधी फोनवर होकार मिळाल्यावर. आमचं उत्तर काय येणार हे बाईंना माहीत होतं. नकार येऊ शकतो अशा खोलीत मुलींना बसवायचं नाही.

स्पर्धेनंतर आठ दिवसांत हे द्या: मंडळाच्या लेटरहेडवर आभाराचं पत्र, त्यात कुणी जिंकलं ते, वर्तमानपत्रात बातमी आली तर तिचं कात्रण, फलक दिसेल असा एक फोटो आणि जेवणाच्या पंगतीचा एक फोटो, आणि जमाखर्चाचा एक कागद. कागदावर प्रत्येक प्रायोजकाचं नाव आणि त्यानं दिलेलं काय, त्याचं पुढे काय झालं. पैसे उरले तर किती उरले आणि ते कुठे ठेवलेत हेही लिहा. मुलींचे फोटो पाठवायच्या आधी शाळेची आणि पालकांची परवानगी घ्या. ज्यांनी नाही म्हटलं त्यांनाही आभाराचं चार ओळींचं पत्र पाठवा, वेळ दिल्याबद्दल. असं पत्र माझ्या टेबलावर फार क्वचित यायचं, आणि आलं की मी ते फाईलला लावायच्या आधी साहेबांना नेऊन दाखवायची.

कॅन्टीनच्या माणसांना विसरू नका. २६० ताटांचा स्वयंपाक म्हणजे ते पहाटे चारला उठणार. डबे परत द्यायला जाल तेव्हा जिंकलेल्या संघातल्या दोन मुलींना चषक घेऊन बरोबर न्या, आणि डबे घासून द्या.